चाळिशी लागते ती खरी, बाकीचं किती खरं? (धागा : पंचविशी ते पंचावन्न, शरीर आणि मन)

उद्यमनगरी (सोमवार, रात्री ९.१०)

फौंड्री आणि मशीनशॉपमधल्या कामगारांसाठी ४० मिनिटांचं सत्र बसवायचं आहे. वय २५ ते ५५, पुरुष जास्त, पॅकिंगला काही महिला. वरून विषय आलाय ‘तारुण्य व मध्यमवयातील शारीरिक व मनोसामाजिक विकास’. असल्या नावाला माणसं चहा येईपर्यंतच बसतात. म्हणून एकच प्रश्न धरलाय : ‘आता वय झालं’ म्हणून आपण जे जे सोडून देतो, त्यातलं वयाचं किती, न वापरल्याचं किती आणि आजाराचं किती?

यादी अशी : डोळे, कान, पोट, दम, ताकद, पाळी, विसरणं, चिडचिड आणि ते प्रसिद्ध ‘चाळिशीचं वादळ’. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं तेवढंच लिहा. आकडे द्या, उपदेश नको.

भिंगातून (सोमवार, रात्री ९.४०)

डोळ्यांपासून सुरू करा, कारण इथं वयाचा वाटा जवळपास शंभर टक्के आहे. आपल्या भाषेनं चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलं, ते उगाच नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू ताठ होत असतं. चाळिशीच्या आसपास ते इतकं ताठ होतं की जवळचं बघायला पुरेसं फुगत नाही. डोळ्यांचे व्यायाम, गाजर, तळव्याला तूप, कशानंही हे थांबत नाही. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो हीही अफवाच. लावा किंवा लावू नका, साठीपर्यंत तो आपल्या गतीनं वाढतोच.

कारखान्यात गडबड होते ती अंतराची. पेपर आपण ४० सेंटीमीटरवर धरतो, तिथं डोळ्याला अडीच डायॉप्टरची ताकद लागते. हुपरीचा चांदी कारागीर किंवा व्हर्नियरवरची (बारीक माप घ्यायच्या पट्टीवरची) रेघ बघणारा माणूस काम २५ सेंटीमीटरवर आणतो, तिथं चार लागते. म्हणजे पेपरासाठी दिलेल्या नंबरात आणि कामासाठी लागणाऱ्या नंबरात दीडापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून तपासणीला जाण्याआधी कामाच्या जागी नेहमीसारखं बसून डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर टेपनं मोजून घ्या आणि तो आकडा तपासणाऱ्याला सांगा. लेथवरच्या माणसाचं उलट असतं. त्याचं काम ६०-७० सेंटीमीटरवर, त्याला वाचायच्या चष्म्यातून जॉब (मशीनवर चढवलेला भाग) धूसर दिसतो आणि मग तो मान पुढं काढून उभा राहतो. मानदुखीचं मूळ पुष्कळदा तिथं असतं.

रस्त्यावरचा तयार चष्मा वाईट नाही, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि तिरपा नंबर नसतो. दोन डोळ्यांत फरक असेल तर डोकं दुखणार. आणि साखर वरखाली होत असेल तर आधी साखर स्थिर करा, मग नंबर काढा. साखरेबरोबर भिंगाची सूज बदलते, महिन्याभरात तो चष्मा फुकट जातो. चाळिशीनंतर नंबर काढतानाच डोळ्याचा दाब आणि मागची नस बघून घ्यायला सांगा. काचबिंदू सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही.

तालीमगल्ली (सोमवार, रात्री १०.१५)

ताकदीचं मी घेतो. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर वेग वाढतो. ताकद त्याहून जलद जाते, कारण आधी बारीक होतात ते झटक्याच्या कामाचे जलद तंतू. पण हा बैठ्या माणसाचा हिशोब झाला. जोर-बैठका चालू ठेवणाऱ्याचा उतार बराच मंद असतो.

आपल्या पेठांत एक समज पक्का आहे : कुस्ती सुटली की अंगाचं मांस चरबी होतं. नाही होत. दोन वेगळ्या जातीच्या पेशी आहेत, एकीची दुसरी बनत नाही. होतं ते असं : मेहनत थांबल्यानं स्नायू बारीक होतो आणि खुराक थांबत नसल्यानं चरबी चढते. हिशोब करा. म्हशीचं एक लिटर दूध हजाराच्या आसपास कॅलरी, ५० ग्रॅम तूप साडेचारशे, थंडाईतले ५० ग्रॅम बदाम तीनशे. झाले साडेसतराशे, आणि अजून जेवण ताटात यायचंय. आखाड्यातली रोजची चार-पाच तासांची मेहनत हे जाळायची. मेहनत बंद झाल्यावर पहिल्या महिन्यापासून खुराक उतरवायला हवा, पोट दिसल्यावर नव्हे.

पुन्हा सुरू करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे जुना आकडा. स्नायू काही आठवड्यांत जागा होतो, पण त्याला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, जुळवून घ्यायला कित्येक महिने घेते. वर्षभर बसून एका रविवारी पेठेच्या मॅचला उतरलेल्या चाळिशीच्या गड्याची टाचेमागची शीर ‘टप्’ करून तुटते ती यामुळंच. पायावर मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि मागं वळून बघावं तर कुणीच नसतं.

चाळिशीपुढच्या माणसानं सुरुवात अशी करावी :
– खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ८ ते १०, दोन फेऱ्या.
– जोर जमिनीवर नाही, आधी भिंतीवर, मग कट्ट्यावर, मग खाली.
– आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सुट्टी.
– शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. हलक्या गेल्या तर पुढच्या आठवड्यात दोन वाढवा.
– जोर लावताना श्वास सोडा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

प्रथिनं किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम हा आपल्याकडचा शिफारशीचा आकडा. ७० किलोला साधारण ५८ ग्रॅम. अंड्यात सहा, वाटीभर आमटीत पाच-सहा. रश्श्यात नसतात बरं का, ती मटणात असतात. रस्सा ओरपून फोडी पोरांना देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शंकासुर (सोमवार, रात्री १०.३२)

खुराकाचं पटलं, पण खुराक न बदलताही तिशीनंतर पोट सुटतंच की. चयापचय मंदावतं म्हणतात ना?

पोटापुरतं (सोमवार, रात्री ११.०५)

म्हणतात, पण मोजल्यावर तसं निघालं नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास आला. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची माणसं, २९ देश, खास खूण केलेलं पाणी पाजून शरीर दिवसाला किती ऊर्जा जाळतं ते मोजलेलं. शरीराचं आकारमान आणि स्नायू-चरबीचं प्रमाण हिशोबात धरलं तर २० ते ६० वर्षांत खर्च जवळपास सपाट. उतार साठीनंतर.

मग पोट कुठून आलं? स्नायू घटला, सायकल जाऊन दुचाकी आली, झोप तुटली, आणि दिवसाला एखाद्या वडापावाएवढं जास्तीचं खाणं जे ‘खुराक बदलला नाही’ या वाक्यात मोजलंच जात नाही. वयाचा वाटा असेल तर तो चरबी कुठं बसते यात आहे. पुरुषांत आधीपासून आणि महिलांत पाळी गेल्यावर ती कमरेभोवती, आतड्यांच्या आजूबाजूला जास्त बसते.

म्हणून सत्रात वजनकाटा नेऊ नका, टेप न्या. आपल्याकडची मर्यादा पुरुषांना ९० आणि महिलांना ८० सेंटीमीटर. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाखाली सरकलेली असते. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढणाऱ्याला थोडं बोलतं करा, आपोआप सुटतं.

एकशेवीस_ऐंशी (मंगळवार, सकाळी ७.२०)

दमाबद्दल. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके वयानंच कमी होतात, व्यायामानं ते थांबत नाही. अंदाजाचं सूत्र २०८ वजा वयाचे ०.७ पट. पंचविशीत १९० च्या आसपास, पन्नाशीत १७३. दम टिकवण्याची एकूण क्षमता बैठ्या माणसात दशकाला सुमारे १० टक्के घटते, नियमित घाम गाळणाऱ्यात साधारण निम्मी. थोडक्यात, उतार वयाचा, पण निम्मा ब्रेक आपल्या पायाखाली. आठवड्याला १५० मिनिटं. वेग ओळखायची खूण अशी : रंकाळ्यावर चालताना गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही.

रक्तदाब आणि साखर मात्र ‘वयाप्रमाणं थोडं असायचंच’ या खात्यात टाकू नका. १४०/९० ही दवाखान्यातली रेघ, घरी मोजलं तर १३५/८५. उपाशी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीए१सी) ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. त्रास नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही, तपासणी पुन्हा करायची.

कारखान्यातल्या शिबिरात रक्तदाब हमखास चुकतो. माणूस भट्टीवरून उठून येतो, उभ्या उभ्या रांगेत गप्पा मारतो आणि पट्टा बाहीवर गुंडाळला जातो. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. पैलवानी दंडाला साधा पट्टा लहान पडतो आणि दाब खोटा जास्त दाखवतो. मोठा पट्टा मागवून ठेवा.

आणखी एक. चढावर किंवा वजन उचलताना छातीत दाब येतो, थांबलं की जातो, त्याला रश्श्याचं पित्त म्हणू नका. घाम, जबडा, डावा हात यांपैकी काही सोबत असेल तर काम तिथंच थांबवून ईसीजी असलेल्या दवाखान्यात. स्वतः गाडी चालवत नाही.

कानोसा (मंगळवार, सकाळी ९.००)

कान हे तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उदाहरण, कारण तपासणीच्या कागदावरच वय आणि काम वेगळं दिसतं. वयाचा बहिरेपणा उंच पट्टीपासून सुरू होतो आणि आलेखाची रेघ उजवीकडं सरळ खाली घसरत जाते. आवाजानं झालेलं नुकसान ४,००० हर्ट्झजवळ खड्डा पाडतं आणि ८,००० ला रेघ पुन्हा वर येते. पस्तिशीच्या फेटलिंगवाल्याला (ओतीव जॉब घासून साफ करणाऱ्याला) असा खड्डा दिसला तर ते वय नव्हे, ग्राइंडर आहे. इचलकरंजीतल्या जुन्या यंत्रमागाच्या शेडलाही हेच लागू. (पुढं दोन्ही एकत्र आले की खड्डा बुजतो आणि वेगळं करणं अवघड होतं, म्हणून तपासणी लवकर करा.)

हिशोब : ८५ डेसिबल आठ तास चालतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. तपासणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहायचं, म्हणजे तपासणी कामाची पाळी सुटल्यावर नाही, पाळी सुरू होण्याआधी. नाहीतर तात्पुरता आलेला जडपणा कायमचा म्हणून नोंदला जातो.

फोमचा बोळा नुसता कानात खोचून उपयोग नाही. बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सारून २०-३० सेकंद बोटानं धरायचा. आरशात समोरून बोळा ठळक दिसला तर तो बसलेलाच नाही. घरच्यांची तक्रार ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी येते, कारण स, श यांसारखी अक्षरं उंच पट्टीत असतात आणि तीच आधी गळतात. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर मात्र मळ म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. उपचाराची खिडकी काही दिवसांचीच असते.

पाळीपंचांग (मंगळवार, दुपारी १.३०)

पॅकिंगच्या बायकांसाठी वेगळी दहा मिनिटं ठेवा, शक्य तर पुरुष बाहेर. भारतीय महिलांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या ५१ पेक्षा लवकर. सलग १२ महिने पाळी आली नाही तरच ‘गेली’ म्हणायचं. त्याआधीची तीन-चार वर्षं अनियमित पाळी, अंगातून वाफा, रात्री घाम, तुटकी झोप. तंबाखू-मिश्रीवाल्या बायकांनी ही सवय सोडायला आणखी एक कारण धरावं : धूम्रपान करणाऱ्यांत पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते असं दिसलंय आणि हाडांनाही तंबाखू वाईटच.

तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला : वर्षभर थांबल्यावर पुन्हा डाग दिसला तर ‘राहिलेलं बाहेर पडलं’ म्हणतात. ते तपासायचंच असतं, कर्करोग नाही ना याची खात्री करण्यासाठी. दुसरा : गर्भनिरोध लवकर सोडणं. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं, नंतर गेली तर एक वर्ष काळजी चालू ठेवायची. तिसरा आणि सगळ्यात महाग : ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’. पिशवी काढून अंडाशय ठेवले तर संप्रेरकं चालू राहतात, नुसता रक्तस्राव थांबतो. पण अंडाशयही काढले तर चाळिशीतली बाई एका रात्रीत पाळी गेलेली बाई होते, आणि हाडांची झीज काही वर्षं आधीच सुरू. ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं हे लिहिलेलं असतं, तो कागद जपून ठेवा.

हाडांचा साठा तिशीपर्यंत भरतो, नंतर फक्त खर्च. पाळी गेल्यावरच्या पाच-सात वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कॅल्शियम रोज १,००० मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर १,२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पेलाभर दुधात अडीचशे. थकवा, वजन, केस गळणं हे सगळं पाळीवर ढकलण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघा.

शंकासुर (मंगळवार, दुपारी २.१०)

आणि डोकं? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, पन्नाशीवाल्यांना नवीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं मशीन) शिकवायला सुपरवायझर तयार नसतात.

उलटं_घड्याळ (मंगळवार, रात्री ८.४५)

‘चाळिशी’ भाषेनं बरोबर पकडली, ‘बुद्धी नाठी’ चुकली. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेलनं बुद्धीचे दोन पदर वेगळे केले. एक, नव्या कोड्याशी झटपट झटापट करणारी प्रवाही बुद्धी. दुसरी, साठलेली बुद्धी : शब्द, अनुभव, धंद्यातली जाण. विचाराचा वेग विशीपासूनच हळूहळू उतरतो. शब्दसंपत्ती आणि जाण पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहते.

इथं एक सापळा आहे. आजचा पंचविशीचा आयटीआयवाला आणि आजचा सातवी शिकलेला साठीचा मिस्त्री शेजारी बसवून परीक्षा घेतली तर जो फरक दिसतो तो वयाचा कमी आणि शाळेचा जास्त. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलला सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेक क्षमता साठीच्या जवळपास टिकलेल्या दिसल्या. आकडेमोड आणि नजरेचा वेग तेवढे आधी उतरले.

सीएनसी शिकवायचं असेल तर : घड्याळ लावू नका, एकावेळी एकच पडदा समजावा, प्रत्येक आज्ञा हाताच्या लेथवरच्या ओळखीच्या कृतीशी जोडा, आणि स्वतःच्या हातानं चुकू द्या. पन्नाशीवाला हळू शिकतो, पण चुकीचा जॉब मशीनवर चढण्याआधी आवाजावरून ओळखतो. पंचेचाळिशीत विसराळूपणा खरंच जाचत असेल तर झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, थायरॉइड, बी-१२ (शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांनी विशेष) आणि उदासी, या चार गोष्टी आधी.

आता वादळ. ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द एलियट जॅक्स यांचा, १९६५ चा. डॅनिअल लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये ४० ते ४५ च्या संक्रमणाचं चित्र रंगवलं, पण ते फक्त ४० अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर. नंतर मोठ्या अमेरिकी पाहणीत विचारलं तर साधारण एक चतुर्थांश लोकांनीच असं संकट आल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या पुष्कळांनी बोट दाखवलं ते नोकरी जाणं, घटस्फोट, घरातलं मरण याकडं. म्हणजे तेही वयाचं नव्हे, घटनेचं. चिडचिड वयाच्या खात्यात टाकू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास किंवा कशातच रस नाही असं चाललं तर ते दुखणं आहे. पुरुषांत ते रडण्यापेक्षा राग, दारू आणि अंगदुखीच्या रूपात येतं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

शंकासुर (मंगळवार, रात्री ९.०५)

एरिक्सन नाही आला अजून. त्याच्याशिवाय हा विषय कुणी सोडत नाही.

उलटं_घड्याळ (मंगळवार, रात्री ९.५०)

आणतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तरुणपणी झगडा जवळीक की एकटेपण, मध्यमवयात पुढच्या पिढीसाठी काही घडवणं की साचून राहणं. नियम म्हणून नको, भिंग म्हणून वापरा. त्यांच्या क्रमात आधी ‘मी कोण’ ठरतं, मग जवळीक, मग लग्न. आपल्याकडं बघून-ठरवून लग्न आधी आणि जवळीक नंतर, तीही सासू-सासऱ्यांच्या घरात, पातळ भिंतीपलीकडं. म्हणून इथल्या तिशीच्या जोडप्याला ‘संवाद वाढवा’ सांगणं फुकट. दोघांना आठवड्यातून एक तास घराबाहेर मिळतो का, हा प्रश्न विचारा.

बर्निस न्यूगार्टन यांची ‘सामाजिक घड्याळा’ची कल्पना मला जास्त उपयोगी वाटते. कधी नोकरी, कधी लग्न, कधी घर, याचं वेळापत्रक समाजाच्या मनात असतं आणि त्रास घटनेपेक्षा ती अवेळी झाल्याचा जास्त होतो. बत्तिशीला स्पर्धा परीक्षेत अडकलेला, पस्तिशीला मुलगी न मिळालेला शेतकऱ्याचा पोरगा : दोघांचं शरीर ठणठणीत, घड्याळ मागं. गल्लीतला ‘काय मग, लाडू कधी?’ हा प्रश्न म्हणजे त्या घड्याळाचा टोल.

सातबारा (बुधवार, सकाळी ६.५०)

साचून राहण्याबद्दल गावाकडचं एक भर घालतो. पन्नाशीचा माणूस ऊस लावतो, पाणी पाजतो, पण कारखान्याचं बिल ऐंशीच्या वडिलांच्या खात्यावर, सातबारा त्यांच्या नावावर, कर्जाची सही त्यांची. स्वतःचा पोरगा पुण्याला नोकरीत. खालून-वरून दोन्हीकडं खर्च आणि निर्णय एकाचाही नाही. याला मानसोपचार कमी आणि कागदपत्र जास्त लागतं : वडील हयात असतानाच कोणता गट कुणी कसायचा, कोणत्या पिकाचा निर्णय कुणाचा, हे लिहून ठेवणं. पूर्ण वाटणी नको असेल तर एखाद्या तुकड्याचा हिशोब तरी स्वतंत्र.

तालीमगल्ली (बुधवार, सकाळी ७.३०)

आणि ‘घडवणं’ म्हणजे फक्त स्वतःची पोरं नव्हेत. तालमीत हे शे-दीडशे वर्षांपासून बसवलेलं आहे : लढणं थांबलं की पैलवानाचा वस्ताद होतो. मातीत उतरायचं, पण जिंकायचं दुसऱ्यानं. कारखान्यात तेच करा. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येक कुशल माणसाकडं एक शिकाऊ पोरगा नावानं द्या, दिवसातला अर्धा तास उत्पादनाच्या आकड्यातून वगळून. वेळ वगळला नाही तर वस्तादाला पोरगं ओझं वाटतं.

उद्यमनगरी (बुधवार, रात्री ९.००)

लई भारी. क्रम असा लावतोय : डोळे आणि कान १० मिनिटं (कारण शंका नाही), टेप आणि रक्तदाब १०, खुर्चीवरून उठणं प्रत्यक्ष ५, घड्याळ आणि १४४१६ साठी १५. महिलांचं वेगळं, त्याच दिवशी दुपारी. रक्तदाब कामाची पाळी सुरू होण्याआधीच घेऊ.

भिंगातून (बुधवार, रात्री ९.२०)

डोळ्यांचं टेबल खिडकीपाशी लावू नका, माणूस काम करतो त्याच उजेडात ठेवा. भर उजेडात बाहुली बारीक होते आणि पंचेचाळिशीवालाही बिनचष्म्याचं वाचून दाखवतो. मग रात्रपाळीत व्हर्नियर चुकतो.